आमदार वॅग्नर, न्यायमूर्ती वॅग्नर

२४ मार्च १९११ या दिवशी शुक्रवार होता. त्या दिवशी न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाने एक कायदा मोडीत काढला. कामावर इजा झाली तर चूक कोणाची हे न पाहता मालकाने भरपाई द्यावी, असा तो कायदा होता आणि विधिमंडळाने तो आदल्याच वर्षी केला होता. बफेलोकडच्या एका रेल्वे कंपनीत काम करणाऱ्या माणसाचा घोटा दुखावला, त्याने बुडालेल्या मजुरीची भरपाई मागितली, कंपनीने कायद्यालाच आव्हान दिले. न्यायाधीशांनी निकालात कामगारांच्या बाजूचे युक्तिवाद आकर्षक असल्याचे मान्य केले. पण काही चूक नसताना मालकाच्या खिशातून पैसे काढणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावून घेणे, आणि राज्यघटनेत ते बसत नाही, असे सांगून त्यांनी कायदा रद्द केला. आइव्ज खटला म्हणून तो ओळखला जातो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत, मॅनहॅटनमधल्या वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या दहा मजली इमारतीत आग लागली. वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा बायकांचे ब्लाउज शिवण्याचा कारखाना होता. बहुतेक कामगार इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांच्या मुली, कित्येक अजून विशीतही न पोचलेल्या. नवव्या मजल्यावरचा एका जिन्याचा दरवाजा कुलूपबंद होता. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जण मेले. अनेकींनी खिडकीतून खाली उड्या घेतल्या.

एक दिवस न्यायालय, दुसऱ्या दिवशी आग. या दोन्ही घटनांचा पुढे ज्या एका माणसाच्या आयुष्याशी संबंध आला तो त्या वेळी तेहतीस वर्षांचा होता आणि राज्याच्या सिनेटचा नेता होता. रॉबर्ट एफ. वॅग्नर हे नाव अमेरिकेत आज घेतले जाते ते १९३५ च्या कामगार संघटनांच्या कायद्यामुळे. तो कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला हे खरे. पण वॉशिंग्टनला जाण्याआधीची सुमारे वीस वर्षे वॅग्नर यांनी आधी राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या विधिमंडळात आणि मग न्यूयॉर्कच्या न्यायासनावर काढली, आणि माझ्या मते त्यांची खरी घडण तिथली आहे.

जन्म १८७७ चा, जर्मनीतल्या नास्टेटन या लहानशा गावातला. आठ-नऊ वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर ते न्यूयॉर्कला आले. मॅनहॅटनच्या यॉर्कविल या जर्मन वस्तीत वडिलांना काम मिळाले ते भाड्याच्या इमारतीची झाडलोट आणि देखभाल करण्याचे. मोठा भाऊ एका क्लबात स्वयंपाकी होता, त्याच्या मदतीने धाकट्याचे शिक्षण झाले. रॉबर्टनेही त्याच क्लबात पाहुण्यांच्या घंटीला धावणाऱ्या पोऱ्याचे काम केले. फी नसलेल्या सिटी कॉलेजातून १८९८ मध्ये पदवी, १९०० मध्ये कायद्याची पदवी. मधल्या काळात आईवडील अमेरिकेला कंटाळून जर्मनीला परत गेले होते. पुढे मोठेपणी वॅग्नर आपल्या बालपणाबद्दल बोलत तेव्हा कष्ट करून वर आल्याची ऐट त्यात नसे. आपण त्यातून निभावलो तो निव्वळ नशिबाचा भाग, बाकीच्यांचा विचार करा, असे ते म्हणत. गरिबीतून वर आलेल्या पुढाऱ्यांच्या तोंडी हे सहसा ऐकू येत नाही.

राजकारणात ते आले टॅमनी हॉलच्या दारातून. न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची ही यंत्रणा. हिवाळ्यात गरिबाच्या घरी कोळसा पोचवायचा, नव्या आलेल्या आयरिश माणसाला पोलिसात चिकटवायचे, मयताला हजर राहायचे, आणि निवडणुकीच्या दिवशी मते गोळा करायची. वर कंत्राटे आणि टक्केवारी, खाली उपकार. सुधारणावादी सुशिक्षितांना टॅमनीचे नाव काढले तरी मळमळे. वॅग्नर मात्र या यंत्रणेचे निष्ठावान माणूस होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही.

१९०५ मध्ये ते पहिल्यांदा राज्याच्या असेंब्लीत गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉकनर खटल्याचा निकाल दिला. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतल्या कामगारांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, किती तास राबायचे हा कामगार आणि मालक यांच्यातला करार आहे, राज्याने मध्ये पडू नये. म्हणजे नव्या आमदाराला पहिल्याच अधिवेशनात कळले की ऑल्बनीत हात वर करून कायदा करता येतो, पण तो टिकेल की नाही हे दुसरीकडे ठरते.

पुढच्याच निवडणुकीत ते हरले, १९०७ मध्ये परत आले. कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या गाडीचे भाडे पाच सेंट करावे, असे त्यांचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. रविवारी पोराबाळांना घेऊन दर्यावर जाणाऱ्या कामगारासाठी दहाच्या जागी पाच सेंट ही लहान गोष्ट नव्हती. गव्हर्नर चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. ह्यूज हे नाव लक्षात ठेवायला हवे.

ऑल्बनीत वॅग्नर यांचे खोलीचे भागीदार होते अल स्मिथ. स्मिथ मासळीबाजारात काम करून वाढलेले, शाळा अर्धवट सोडलेले; वॅग्नर वकील. रात्री खोलीवर बसून दुसऱ्या दिवशीच्या विधेयकांचे मसुदे वाचायचे हा स्मिथ यांचा शिरस्ता. १९११ मध्ये दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटांचे बहुमत झाले तेव्हा टॅमनीचे मितभाषी सूत्रधार चार्ल्स मर्फी यांनी या दोघांनाच पुढे केले. स्मिथ असेंब्लीत बहुमताचे नेते, आणि तोवर राज्याच्या सिनेटमध्ये गेलेले वॅग्नर तिथले.

पण तो आरंभ काही गौरवाचा नव्हता. तेव्हा वॉशिंग्टनचे सिनेटर राज्याची विधिमंडळे निवडत. मर्फींनी एक नाव पुढे केले आणि काही बंडखोरांनी ते अडवले. बंडखोरांचा म्होरक्या होता एकोणतीस वर्षांचा, श्रीमंत घरातला, नाकावर चष्मा चिमटलेला राज्याचा नवा सिनेटर, फ्रँकलिन रूझवेल्ट. वॅग्नर अर्थातच मर्फींच्या बाजूला. आठवड्यांमागून आठवडे गेले, विधिमंडळ ठप्प. ट्रँगलची आग लागली तेव्हाही हा घोळ चालूच होता. चारच दिवसांनी, २९ मार्चला, ऑल्बनीतल्या विधिमंडळाच्या इमारतीलाच आग लागली आणि राज्य ग्रंथालयातली लाखो पुस्तके जळली. ३१ मार्चला तडजोडीचा उमेदवार निवडून आला आणि तिढा सुटला.

न्यूयॉर्क शहरातले नागरिक तोवर संतापून रस्त्यावर आले होते. त्यांची एक समिती ऑल्बनीला आली. स्मिथ यांनी त्यांना सल्ला दिला तो अनुभवी आमदाराचा होता: प्रतिष्ठित नागरिकांचा आयोग मागू नका, त्याचा अहवाल कोणी वाचत नाही, आमदारांचाच आयोग मागा, कारण विधिमंडळ स्वतःच्या माणसांचे ऐकते. जून १९११ मध्ये फॅक्टरी तपास आयोग स्थापन झाला. अध्यक्ष वॅग्नर, उपाध्यक्ष स्मिथ. सदस्यांत कामगार महासंघाचे सॅम्युअल गॉम्पर्स आणि महिला कामगारांच्या संघटनेतल्या मेरी ड्रायर होत्या.

आयोगाच्या कामात फ्रान्सिस पर्किन्स नावाची तिशीतली समाजकार्यकर्ती होती. ट्रँगलची आग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. जवळच एका घरी चहाला गेली असताना आरडाओरडा ऐकून ती धावत आली होती. अहवालांवर तिचा फारसा विश्वास नव्हता. आमदारांना नेऊन दाखवायचे, हा तिचा मार्ग. राज्याच्या उत्तरेकडच्या कॅनिंगच्या, म्हणजे भाज्या डबाबंद करण्याच्या, कारखान्यांत तिने त्यांना पाच, सहा, सात वर्षांची मुले शेंगा खुडताना आणि वाटाणे सोलताना दाखवली. दोरखंडाच्या कारखान्यात रातपाळी संपवून निघणाऱ्या बायका स्मिथ यांना दाखवल्या. आणि एका कारखान्यात 'फायर एस्केप' अशी पाटी असलेल्या भिंतीतल्या भोकातून तिने सिनेटचे नेते वॅग्नर यांना स्वतः सरपटत बाहेर जायला लावले. बाहेर एक उभी लोखंडी शिडी होती, तिच्यावर बर्फ गोठलेले, आणि ती जमिनीच्या बारा फूट वर संपत होती.

मला यात वॅग्नर यांची वागणूक सर्वांत बोलकी वाटते. पद मोठे, माणसे बरोबर, नकार देणे सोपे होते. ते भोकातून गेले.

पहिल्याच वर्षी आयोगाने १,८३६ कारखाने पाहिले, २२२ जणांच्या साक्षी घेतल्या, आणि साक्षींची नोंद साडेतीन हजार पानांच्या आसपास गेली. त्यातून कायदे निघत गेले. कामाच्या वेळेत दरवाजे कुलूपबंद ठेवायचे नाहीत, कारखान्यात धूम्रपान बंद, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव सक्तीचा. सातव्या मजल्याच्या वर दोनशेहून अधिक माणसे काम करत असतील तर छताला पाण्याचे फवारे हवेत. बायकांना रात्री दहा ते सकाळी सहा कारखान्यात कामाला बंदी. कामगार खात्याची नव्याने उभारणी, कारण निरीक्षकच नसतील तर कायद्याचा कागद कोण वाचणार? तीन-चार वर्षांत असे तीन डझन कायदे झाले.

सगळे सरळ झाले असे मात्र नाही. १९१२ मध्ये बायकांसाठी आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा घालणारे विधेयक आले तेव्हा टॅमनीने एक जुनी युक्ती केली. एका सभागृहाने कॅनिंग उद्योगाला सूट देऊन विधेयक मंजूर करायचे, दुसऱ्याने सूट न देता. दोन्ही मसुदे जुळणार नाहीत, अधिवेशन संपेल, आणि दोन्ही सभागृहांचे सदस्य मतदारांना सांगतील की आम्ही तर मत दिले होते. सिनेटचे नेते वॅग्नर होते. हे त्यांच्या नकळत चालले असेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल. डाव उलटवला तो पर्किन्स यांनी. त्यांनी ऐनवेळी सूट मान्य केली, आणि टॅमनीचाच एक वजनदार सिनेटर, बिग टिम सलिव्हन, बोटीवर निघालेला असताना परत बोलावला गेला आणि त्याने मत दिले. कायदा झाला, कॅनिंगच्या बायका त्यातून सुटल्या.

आयोगाच्या कामाचा एक परिणाम कमी सांगितला जातो. बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी न्यूयॉर्कमध्ये आधीही होती आणि अपील न्यायालयाने ती १९०७ मध्ये रद्द केली होती. नव्या बंदीला छपाईच्या एका कंपनीने आव्हान दिले. १९१५ मध्ये त्याच न्यायालयाने ती वैध ठरवली आणि कारण सांगितले ते हे की आयोगाने गोळा केलेली माहिती मागच्या निकालाच्या वेळी न्यायालयापुढे नव्हती. साक्षींच्या त्या हजारो पानांनी न्यायाधीशांचे मत बदलले होते. अपघात भरपाईचे वेगळ्या मार्गाने झाले: आइव्ज निकालावर उपाय म्हणून राज्यघटनाच दुरुस्त केली गेली, १९१३ च्या नोव्हेंबरात मतदारांनी ती मान्य केली आणि जुलै १९१४ पासून नवा कायदा लागू झाला.

याच काळात गव्हर्नर विल्यम सुल्झर यांनी मर्फींशी वैर घेतले आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये महाभियोगाने पद गमावले. लेफ्टनंट गव्हर्नर वर सरकले आणि रिकाम्या जागी वॅग्नर बसले. टॅमनीने आपल्याच गव्हर्नरला धडा शिकवला, असे तेव्हाही बोलले गेले, आणि त्यात तथ्य होते.

१९१८ मध्ये वॅग्नर न्यायाधीशपदासाठी निवडून आले. न्यूयॉर्कमध्ये हे पद निवडणुकीने मिळते, आणि त्या न्यायालयाला सुप्रीम कोर्ट म्हणत असले तरी तिथे खटले पहिल्यांदा चालतात. सर्वोच्च आहे ते अपील न्यायालय. पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी मार्गारेट वारली. मुलगा नऊ वर्षांचा. वॅग्नर यांनी पुन्हा लग्न केले नाही. (हाच मुलगा पुढे बारा वर्षे न्यूयॉर्कचा महापौर होता.)

न्यायासनावरची त्यांची वर्षे चरित्रकार भराभर उलटतात. बहुतेक खटले रोजचे होते, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. पण एका निकालावर थांबायलाच हवे.

त्या काळात संपाविरुद्ध मालकांचे हुकमी हत्यार होते न्यायालयाचा मनाईहुकूम. संप झाला की मालक न्यायाधीशाकडे जात, कामगारांनी निदर्शने करू नयेत, इतरांना अडवू नये, कधीकधी तर एकत्रही येऊ नये असा हुकूम आणत. तो मोडला की तुरुंग. मनाईहुकूम हा शब्द कामगार वस्त्यांत शिवीसारखा झाला होता.

१९१९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बायकांचे कोट शिवणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने कामगारांच्या संघटनेशी करार केला: आठवड्याला चव्वेचाळीस तास, आणि मजुरी नगावर नव्हे तर आठवड्यावर. १९२१ मध्ये धंदा मंदावला तशी कारखानदारांनी करार बाजूला ठेवला आणि नगावरची मजुरी पुन्हा आणायचे ठरवले. नोव्हेंबरात पन्नास हजारांवर कामगार संपावर गेले. आणि मग संघटनेने जे केले ते आधी कोणी केले नव्हते. मालक जे हत्यार वापरत तेच उचलून ती न्यायालयात गेली: मालकांनी करार मोडू नये असा मनाईहुकूम द्या. तिच्या बाजूने सॅम्युअल अंटरमायर आणि मॉरिस हिलक्विट असे नामवंत वकील उभे राहिले. जानेवारी १९२२ मध्ये प्रकरण आले वॅग्नर यांच्यापुढे.

मालकांचा युक्तिवाद असा की असा हुकूम कामगारांना कधी मिळालेला नाही, पूर्वीचा निवाडा दाखवा. वॅग्नर यांनी लिहिले की न्यायालयाचे दार मालकाला आणि कामगाराला सारखेच उघडे आहे. मालकाला जो उपाय मिळतो तो कामगाराला नाकारता येणार नाही, आणि पूर्वीचा निवाडा नाही एवढ्यावरून हक्क नाही असे होत नाही. कामगार संघटनेने केलेला सामुदायिक करार हा करारच आहे. त्यांनी मनाईहुकूम दिला. वरच्या न्यायालयाने तो त्याच वर्षी कायम केला. हा श्लेसिंजर विरुद्ध क्विंटो खटला.

लॉकनरच्या न्यायाधीशांनी कराराचे स्वातंत्र्य म्हणून जे तत्त्व कामगारांविरुद्ध वापरले, तेच तत्त्व वॅग्नर यांनी कामगारांच्या बाजूने वापरले. करार पवित्र आहे ना? मग तुम्हीही पाळा. हा युक्तिवाद ते आमदार असताना करू शकले असते, पण न्यायासनावरून तो करण्याची गोष्ट वेगळी होती.

१९२६ मध्ये ते अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आले. १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी न्यायाधीश जॉन पार्कर यांचे नाव पाठवले, तेव्हा विरोधात उभे राहणाऱ्यांत वॅग्नर होते. संघटनेत सामील होणार नाही असे कामगारांकडून लिहून घेणाऱ्या करारांना पार्कर यांनी मनाईहुकमाने संरक्षण दिले होते. एकेचाळीस विरुद्ध एकोणचाळीस मतांनी पार्कर यांची नेमणूक फेटाळली गेली.

मंदी तोवर आली होती, आणि हूव्हर यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झाला तो १९११ मधला बंडखोर, रूझवेल्ट. पर्किन्स त्याच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री. ५ जुलै १९३५ रोजी राष्ट्रीय कामगार संबंध कायद्यावर, म्हणजे वॅग्नर कायद्यावर, सही झाली: कामगारांना संघटना करण्याचा आणि एकत्र वाटाघाटी करण्याचा हक्क, आणि मालकांनी तो मोडला तर दाद मागायला मंडळ. रूझवेल्ट यांनी या विधेयकाला अगदी शेवटच्या टप्प्यात पाठिंबा दिला. ते रेटले वॅग्नर यांनी. कायद्याचा आरंभ वाचला की तो आणणारा माणूस न्यायाधीश होता हे कळते. संघटना नाकारल्याने संप होतात, संपांमुळे राज्याराज्यांतला व्यापार अडतो, आणि त्या व्यापारावर काँग्रेसचा अधिकार आहे, असे एकेक कलम न्यायालयापुढच्या कैफियतीसारखे मांडले आहे. तो भविष्यातल्या न्यायाधीशांसाठी लिहिलेला मजकूर होता.

१२ एप्रिल १९३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा वैध ठरवला. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीशांनी, आणि ते होते चार्ल्स इव्हान्स ह्यूज, कोनी आयलंडच्या पाच सेंटचे विधेयक परत पाठवणारे.

पण या कायद्यातही एक सूट होती. शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळलेले. दक्षिणेकडच्या सिनेटरांच्या मतांशिवाय तेव्हा फारसे काही मंजूर होत नव्हते, आणि या दोन कामांत काळ्या कामगारांचे प्रमाण मोठे होते. न्यूयॉर्क राज्याने १९३७ मध्ये याच धर्तीवर स्वतःचा कायदा केला, त्यातही शेतमजूर बाहेर. १९१२ मध्ये कॅनिंगच्या बायकांना वगळणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटला असता.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कची राज्यघटना सुधारण्यासाठी परिषद भरली. वॅग्नर तिचे प्रतिनिधी होते. त्या वर्षी घटनेत आलेल्या तरतुदीत कामगारांना संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क आहे असे लिहिले गेले, कोणताही अपवाद न करता. वॅग्नर १९४९ मध्ये आजारपणामुळे सिनेटमधून बाहेर पडले आणि १९५३ मध्ये वारले. मे २०१९ मध्ये ऑल्बनीच्या अपील खंडपीठाने १९३८ च्या त्या वाक्यावर बोट ठेवून शेतमजुरांना वगळणे घटनाबाह्य ठरवले. महिन्याभरात विधिमंडळाने कायदा केला, आणि १ जानेवारी २०२० पासून न्यूयॉर्कच्या शेतांवर संघटना करता येऊ लागली.